मामा, सुईनं कॅन्सर पसरत नाही

बुधवारी रात्री पावणेअकराला आमच्या आजोळच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज ढकलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, जळगावला तोंडातला तुकडा काढून तपासणीला द्यायचा होता. वेळ घेतलेली होती, सोबत जायचं म्हणून मी दुकान बंद ठेवणार होतो. सकाळी फोन केला तर म्हणतो, "नको दादा, मी सावद्याला गाडी भरायला चाललो." त्याला आज एकोणीस दिवस झाले.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर तीन लाल उद्गारचिन्हं, मग ‘मुंबईच्या सुप्रसिद्ध कॅन्सरतज्ज्ञांचा इशारा’, आणि तज्ज्ञाचं नाव कुठंच नाही. मजकूर असा: न दुखणारी गाठ किंवा जखम कॅन्सरची नसते. सुई लावली किंवा तुकडा काढला की आत हवा जाते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. लिंबू आणि खायचा सोडा घेतला की शरीर ‘अल्कलाइन’ होतं, त्यात कॅन्सर जगत नाही, आणि याच शोधाला 1931 साली नोबेल मिळालंय. साखर बंद केली की तो उपाशी मरतो. हळद केमोपेक्षा भारी. डॉक्टरांना हे सगळं ठाऊक आहे, पण धंदा बुडेल म्हणून बोलत नाहीत. दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल.

मी डॉक्टर नाही. अमळनेरला वीस वर्षं मेडिकल चालवतो, एवढाच माझा अधिकार. क्रमानं जात बसत नाही. ज्या मुद्द्यानं आमच्या घरातला माणूस गाडीत बसता बसता थांबला, तिथूनच सुरू करतो.

‘सुई लावली की पसरतो.’

आधी त्या तपासणीत होतं काय ते बघा. तोंडातली जखम असेल तर तेवढी जागा इंजेक्शननं बधिर करतात. जखमेच्या कडेचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढतात. कापूस दाबून धरायला सांगतात, लागला तर एखादा टाका. तुकडा फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत जातो, पुढं मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप करतात आणि दुर्बिणीखाली बघतात. आठवड्याभरात कागद हातात येतो. त्या कागदाशिवाय कॅन्सरचा कुठलाही डॉक्टर शस्त्रक्रिया, केमो किंवा शेक (रेडिएशन) यांतलं काय द्यायचं ते सहसा ठरवू शकत नाही. म्हणजे हा मेसेज माणसाला नेमका दारातच अडवतो.

आता हवा. तोंडातली जखम, मामा! माणूस श्वास घेतो, जेवतो, बोलतो. तिथं हवा लागायची राहिली होती काय? आणि सुईचीच भीती असेल तर शुगर बघायला रोज सकाळी बोटाला सुई टोचून घेता, ती कुठल्या धैर्यानं?

कॅन्सरच्या पेशी सुटून रक्तात जातात, हे खरं आहे. त्यासाठी त्यांना सुई लागत नाही, गाठ आपली आपणच त्या सोडत असते. पण सुटलेली प्रत्येक पेशी कुठंतरी रुजते असं नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांतून रस्त्याच्या कडेला किती कापूस सांडतो ते आपण बघतोच. त्यातल्या किती सरकीची झाडं होतात? जमीन, ओल, वेळ सगळं जुळावं लागतं. पेशींचंही तसंच. आणि ज्या गाठीला हात लावला नाही, ती जागेवर गप्प बसून राहत नाही, ती रोज वाढते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हीच शंका धरून एक अभ्यास केला. 2015 साली तो ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी मुद्दाम स्वादुपिंडाचा कॅन्सर घेतला, जो सगळ्यांत वाईटांपैकी एक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काहींची आधी सुईनं तपासणी झाली होती, काहींची नव्हती. सुई लागलेले रुग्ण साधारण 22 महिने जगले, न लागलेले 15. सुईनं आयुष्य वाढतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण सुईनं कॅन्सर पसरत असता तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

यात अर्धा शेर सत्य आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी काढेलच. अंडकोषातल्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुई कुठून घालायची ते पुढं ऑपरेशन करणारा डॉक्टरच ठरवतो, कारण सुईची वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकतात. यकृताच्या गाठीत क्वचित सुईच्या वाटेवर पेशी आढळल्यात, म्हणून तिथं आधी स्कॅनवर निभतं का ते बघतात. म्हणजे जिथं धोका आहे तिथं तो डॉक्टरांनीच शोधलाय आणि तेच सांभाळतात. त्याचा गालातल्या जखमेशी काय संबंध?

मग गावोगाव ही समजूत आली कुठून? माझ्या काउंटरवरून दिसतं ते असं. माणूस सहा महिने अंगावर काढतो. मग तुकडा काढतात. रिपोर्ट वाईट येतो. घरात रडारड, मग कुणीतरी जडीबुटीवाला सुचवतं, तिकडं तीन महिने जातात. गाठ मानेत उतरते, मग ‘टाटाला’ नेतात. परत आल्यावर ओट्यावर बसून सांगतात काय, तर "तुकडा काढला नि पसरलं." ते मधले तीन महिने कुणी मोजत नाही.

‘दुखत नाही म्हणजे काही नाही.’

हा दुसरा मुद्दा, आणि इथं मीही दोषी आहे. मामेभाऊ ट्रकवर आहे, सावदा-रावेरची केळी दिल्लीकडं नेतो. पंधरा वर्षं पुडी खातो. (राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. टपरीवर जाऊन हे सांगून बघा, लोक हसतील.) तोंड आलंय म्हणून त्यानं माझ्याकडून जेलची ट्यूब नेली. महिन्यानं दुसरी नेली, सोबत बी-कॉम्प्लेक्स. दोन्ही वेळा मी दिली आणि एकदाही त्याला तोंड उघडायला लावलं नाही.

मग थंडीत मळ्यात भरीत पार्टी झाली. काट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, कळण्याच्या पुऱ्या. लहानपणी हा मिरचीचा ठेचा नुसता खायचा. त्या दिवशी भरितातून मिरची वेचून कडेला ठेवत होता आणि वर दही मागत होता. खान्देशी माणूस तिखटाला भ्यायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, तोंड उघड, तीन बोटं उभी घाल. दोन गेली, तिसरं अडलं. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर गालाची आतली बाजू पांढरट, ताठ, आणि खालच्या दाढेशेजारी नखाएवढी जखम, कडा कडक. बोट लावलं तरी तो हं की चूं नाही.

सुपारीनं गालाची आतली कातडी आकसत जाते. आधी तिखट झोंबतं, मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. हा स्वतः कॅन्सर नाही, पण त्याच्या अलीकडचं गाव आहे. आणि खरा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. तो मज्जातंतूपर्यंत पोचला किंवा जखमेत पू झाला की दुखायला लागतं, आणि तेव्हा सोपी वेळ निघून गेलेली असते. मामा त्या रात्री मला फोनवर म्हणाले होते, "भाऊ, दुखस नही ना काही, मंग कसाले जावानं?" मामा, दुखत नाही म्हणूनच जायचं.

नुसतं बघून काय होतं, हे केरळात मोजून झालंय. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून 35 वर्षांवरच्या 1,91,873 लोकांचे दोन गट केले. एका गटात शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन फक्त तोंडात बघायचे. यंत्र नाही, रक्त नाही. ते डॉक्टरही नव्हते. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी भरले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली ते छापून आलं. मामांच्या ओसरीतला आरसा आणि बॅटरी यांत काय कमी आहे? ओठ उलटा करा, दोन्ही गाल ओढून बघा, जिभेच्या कडा बघा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेतली गाठ. यांतलं काही असेल तर माझ्याकडं ट्यूब मागायला येऊ नका. मी आता देतही नाही, आधी तोंड बघतो.

बायांचं तर आणखी अवघड. मशेरी लावणाऱ्या कितीतरी आहेत, त्यांचं तोंड कोण बघतं? छातीतली गाठ दुखत नाही म्हणून झाकून ठेवतात. पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेल्या बाईच्या अंगावर परत लाल गेलं, तर घरातल्या म्हाताऱ्या सांगतात, "पाळी परत आली, अंगात ताकद आहे." पाळी परत येत नसते. एकदा जरी गेलं तरी दाखवायचंच. मग नवरा माझ्याकडं येतो, इकडंतिकडं बघत विचारतो, "रक्त थांबायची गोळी आहे का?" गोळीनं रक्त थांबेल, पण ते का गेलं हे कळायचं राहून जाईल. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताई फॉर्म भरायला येतात त्याच्यासाठीच, आणि आपण त्यांना "आमच्याकडं कुणी आजारी नाही" म्हणून दारातून परत पाठवतो.

उरलेले मुद्दे चटकन. 1931 चं नोबेल ऑटो वारबर्ग यांना मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमच्या शोधाला. लिंबू-सोड्याला नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे याचं माप, 7.35 ते 7.45 मध्ये राहतो, फुप्फुसं आणि किडन्या तो तसा ठेवतात, तुम्ही लिंबू प्या नाहीतर ताक. सोडा मात्र रोज खाल्लात तर मामांचं बीपी वाढेल, त्यात सोडियम असतं. (मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करायला डॉक्टर सांगतात, पण त्या शेक घेताना तोंड सोलवटतं म्हणून. त्या इलाजाबरोबर असतात, इलाजाऐवजी नाही.) साखर कमी करा, शुगरवाल्यांनी तर कराच. पण आपण साखर सोडली तरी शरीर भाकरीतून, नाहीतर स्वतःच्या मांसातून ती बनवतंच. तेवढ्यानं कॅन्सर उपाशी मरत नाही, रोगी मात्र वाळतो. हळद भाजीत चांगली. 2024 च्या नोव्हेंबरात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंनी हळद-कडुनिंब-लिंबूपाण्याचं असंच सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून कळवलं की याला पुरावा नाही, यापायी उपचार लांबवू नका. मुंबईच्या तज्ज्ञांचा इशाराच हवा होता ना? हा घ्या, नावानिशी.

राहिला डॉक्टरांचा धंदा. नको त्या तपासण्या लिहिणारे आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर येतात, मी काय त्यांची वकिली करू! पण म्हणून सगळी तपासणीच खोटी? केळीचा व्यापारी एकदा काट्यात मारतो म्हणून कुणी बाग उपटून टाकत नाही. खर्चाची भीती खरी आहे. मुंबईला जायचं, राहायचं कुठं, गाडीचा हप्ता कोण भरणार. मामांच्या मनात तेच असावं, मेसेजनं त्याला फक्त निमित्त दिलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हे मी ग्रुपवर लिहिलं होतं. त्याच्यावर कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही, आणि मामांच्या मेसेजवर चौदा जणांनी हात जोडले.

हे लिहीत असतानाच काल रात्री मामांचा फोन आला. मेसेजचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. कापसाच्या भावाचं बोलले, पाऊस-पाण्याचं बोलले. मग मध्येच म्हणाले, "आपलं रेशनकार्ड केशरी शे. तठे चालस का ते?"

चालतं म्हटलं. आधारकार्डही लागेल.

"तो शनवारले घर येस," मामा म्हणाले. "सोमवारनं सांगी ठेव."