दुप्पट भावाचा हिशेब जुळत नाही

'इलेक्ट्रॉनिक्स शोरूममधल्या माजी सेल्समनने फोडलेलं गुपित' अशा मथळ्याचा एक मजकूर सतत फिरत असतो. त्यातले मुद्दे साधारण असे: टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनवर दुकानदार दुप्पट भाव लावतो, आतल्या सुट्या भागांची किंमत जेमतेम तिसरा हिस्सा असते, सगळ्या ब्रँडचा माल एकाच कारखान्यातून निघतो, फक्त लेबल बदलतं, सेलमध्ये लागतो तोच खरा भाव, आणि महाग-स्वस्त हा फरक निव्वळ मनाचा. म्हणून बिनधास्त अर्ध्या भावात मागा, दुकानदार देतोच.

प्रत्येक मुद्द्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तो पटतो. फक्त ते खरं भलत्याच वस्तूला चिकटवलं आहे.

आधी दुप्पट भावाचं बघू. दुप्पट भाव म्हणजे पन्नासाला आणलेली वस्तू शंभराला विकणं. तसं असतं तर विक्रीतला निम्मा पैसा दुकानाचा ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरणारा पैसा) झाला असता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे हिशेब उघड असतात, ते पाहायला कुणी गुपित फोडावं लागत नाही. अमेरिकेतली बेस्ट बाय ही या धंद्यातली मोठी साखळी. 2023 आणि 2024 या तिच्या आर्थिक वर्षांत ढोबळ नफा विक्रीच्या 21 ते 22 टक्के होता. त्यातून भाडं, पगार, जाहिरात, व्याज आणि कर गेल्यावर शंभरातले साधारण 3 उरले. कॉस्टको या सभासदांनाच माल विकणाऱ्या अमेरिकी साखळीने तर बाहेरच्या ब्रँडच्या मालावर 14 टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही असा दंडक वर्षानुवर्षं पाळला आहे. तिची कमाई मुख्यतः सभासदांच्या वार्षिक शुल्कातून होते.

शिवाय 22 टक्के ही सरासरी झाली. त्यात केबल आल्या, भिंतीवरचे स्टँड आले, मोबाइलची कव्हरं आली, वॉरंटीच्या योजना आल्या. मोठ्या खोक्यातल्या मालावर मार्जिन याहूनही कमी सुटतं. टीव्हीचं मॉडेल वर्षभरात जुनं होतं, गोदामात पडून राहिलं की भाव रोज घसरतो, आणि शेजारच्या दुकानाचा दर गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर दिसत असतो. अशा मालावर दुप्पट भाव लावणारा दुकानदार वर्षभर टिकायचा नाही.

मग तो सेल्समन सरळ थापा मारतोय का? नाही. त्याने दुप्पट, तिप्पट, क्वचित दहापट भाव नक्कीच पाहिला असणार, पण तो टीव्हीवर नाही. टीव्हीसोबत काउंटरवर 'ही पण घेऊन टाका' म्हणून पुढे सरकवलेल्या केबलवर. टीव्हीचा भाव आठ ठिकाणी विचारून आलेला माणूस केबलचा भाव एकाही ठिकाणी विचारत नाही. एवढ्या मोठ्या बिलात ती रक्कम किरकोळ वाटते, आणि दुकानाचा महिना अशाच किरकोळीवर निघतो.

एचडीएमआय, म्हणजे टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलचंच घ्या. सोन्याचा मुलामा, नायलॉनची वीण, जाडजूड खोका, वर 'अधिक गडद रंग' असं आश्वासन. या केबलमधून जातात ते आकडे. ते टीव्हीपर्यंत नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं उमटतं. नाही पोचले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधूनच पडदा काळा पडतो किंवा चित्र येतच नाही. म्हणजे बिघाड लपत नाही. साध्या केबलमुळे रंग किंचित फिके आणि भारी केबलमुळे किंचित गडद, असा मधला प्रकार इथे संभवत नाही. केबलींत फरक असतो तो वहनक्षमतेचा. 2017 साली आलेल्या एचडीएमआय 2.1 साठी सेकंदाला 48 गिगाबिट वाहणारी 'अल्ट्रा हाय स्पीड' केबल लागते आणि तिच्या पाकिटावर स्कॅन करून खातरजमा करता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते लेबल असलेली साधी केबल आणि तेच लेबल असलेली चौपट भावाची केबल, दोन्हींतून सारखंच चित्र येतं. अंतर लांब असेल तर मात्र चांगली केबल घ्यावी, तिथे हयगय नको.

दुसरी जागा वाढीव वॉरंटीची. ब्रिटनमध्ये स्पर्धा आयोगाने घरगुती विजेच्या उपकरणांच्या वाढीव वॉरंटीची चौकशी केली आणि 2003 साली निष्कर्ष काढला की या बाजारात स्पर्धा धड होतच नाही, कारण गिऱ्हाईक ती काउंटरवर, घाईत आणि तुलना न करता घेतं. 2005 पासून तिथे वस्तूच्या किमतीशेजारी वॉरंटीची किंमत दाखवणं बंधनकारक झालं आणि घेतलेली वॉरंटी 45 दिवसांत रद्द करण्याचा हक्क मिळाला. टीव्हीवरच्या दुप्पट भावासाठी कुणाला असा नियम करावा लागलेला नाही.

म्हणून 'अर्ध्या भावात मागा' हा सल्ला वाया जाणारा आहे. ज्यात दुकानदाराला दहा-पंधरा टक्के सुटतात त्यात तो पन्नास कुठून सोडणार? घासाघीस करायचीच तर केबल, स्टँड आणि जोडणी फुकट मागावी. तिथे त्याला खरोखर जागा असते आणि तो फारसे आढेवेढे न घेता देतो.

सुट्या भागांचा मुद्दा बोलण्यात चटकदार आहे. कुणीतरी यंत्र खोलतं, पॅनेल, चिप, प्लास्टिक यांचे दर जोडतं आणि बेरीज विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांश किंवा निम्मी भरते. उरलेली सगळी लूट! त्या बेरजेत साच्यांचा खर्च नसतो, तंत्रज्ञांचे पगार नसतात, व्हिडिओ आणि ध्वनीच्या तंत्रांची परवाना-शुल्कं नसतात, चाचण्या, वॉरंटीत बदलून द्यायच्या मालाची तरतूद, सरकारी कर आणि वितरकाचा वाटा नसतो. वाहतूक तर कुणी धरतच नाही. चाळीस फुटी कंटेनरच्या आत साधारण 67 घनमीटर जागा असते. मोठा फ्रिज थर्माकोल आणि खोक्यासकट जवळपास एक घनमीटर खातो, म्हणजे साठेक फ्रिजमध्ये कंटेनर भरला. त्यातला बराचसा भाग फ्रिजच्या पोटातली हवा. तेवढ्याच कंटेनरमध्ये मोबाइल लाखाच्या घरात मावतात. 2021 मध्ये जहाजभाडी 2019 च्या कितीतरी पट झाली, तेव्हा या हवेचं भाडंही तितकंच वाढलं होतं. फ्रिज खोलून पाहणाऱ्याला ते आत कुठे सापडणार?

'सगळं एकाच कारखान्यातून येतं' यात तथ्य बरंच आहे, आणि ब्रँडभक्तांनी ते मान्य करायला हवं. टीव्हीतला सर्वांत महाग भाग म्हणजे पॅनेल, अर्थात चित्र उमटतं तो पडदा, आणि मोठे एलसीडी पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच उरल्या आहेत. बीओई, टीसीएलची सीएसओटी आणि एचकेसी ही त्यातली मोठी नावं. सॅमसंगने स्वतःचं एलसीडी उत्पादन 2022 मध्ये बंद केलं. दर्शनी नावाचंही तेच. जीईचा घरगुती उपकरणांचा धंदा 2016 पासून हायर या चिनी कंपनीकडे आहे, तोशिबाचा त्याच वर्षी मिडिया या दुसऱ्या चिनी कंपनीकडे गेला, आणि तोशिबाचा टीव्हीचा धंदा 2018 मध्ये हायसेन्स या तिसऱ्या चिनी कंपनीने घेतला. एकाच नावाचा टीव्ही एकाचा आणि फ्रिज दुसऱ्याचा! पण कारखाना एक म्हणून माल एक, ही उडी चुकीची आहे. कारखाना ऑर्डर देणाऱ्याने लिहून दिलेलं बनवतो. पॅनेल तेच, पण मागच्या प्रकाशाचे किती भाग वेगवेगळे मंद होतात, प्रोसेसर कोणता, किती नग तपासून नाकारायचे, हे मागणी देणारा ठरवतो आणि त्याचे पैसे मोजतो. तेव्हा नावाला भुलू नये हे खरं, पण लेबल काढलं की दोन्ही टीव्ही सारखेच, हे खोटं.

सेलचा मुद्दा मला सर्वांत फसवा वाटतो. 'निम्म्या भावात देऊनही परवडतं, म्हणजे आधी दुप्पट घेत होते' हा तर्क धरून चालतो की खोडलेला आकडा कधीतरी खरा भाव होता. बरेचदा तो कधीच नव्हता. त्याचं काम वेगळं असतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के, ते विचारलं. चक्र 10 वर थांबलं त्यांची मध्यम उत्तरं 25 च्या घरात, 65 वर थांबलं त्यांची 45 च्या. संबंध नसलेला आकडाही अंदाज ओढून नेतो. खोडलेली किंमत तर वस्तूच्याच पाटीवर असते. युरोपीय संघाने 2022 पासून नियम केला की सूट दाखवताना आधीची किंमत म्हणून मागच्या 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमतच दाखवायची. सेलच्या हंगामासाठी खास क्रमांकाची मॉडेलं बनवली जातात तो भाग निराळाच: नाव जवळपास तेच, मागे एखादं पोर्ट कमी, आणि तुलना करायला दुसरीकडे तो क्रमांकच सापडत नाही.

टीव्ही खरोखर कवडीमोल मिळतो तेव्हाही कारण बहुधा वेगळंच असतं. अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीचा 2021 च्या तिसऱ्या तिमाहीचा हिशेब पाहा. जाहिराती आणि प्रेक्षकांच्या माहितीच्या विभागाचा ढोबळ नफा टीव्ही-साउंडबार विकून झालेल्या ढोबळ नफ्याच्या दुपटीहून जास्त होता. याच कंपनीने 1.1 कोटी टीव्हींवर लोक काय पाहतात ते परवानगीशिवाय टिपल्याचा आरोप 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून मिटवला होता. 2024 च्या अखेरीस वॉलमार्टने ती विकत घेतली. टीव्ही पडेल भावात देऊन पुढची कैक वर्षं त्याच्या पडद्यावरून कमवायचं, असा हा धंदा आहे. या भावाला 'खरी किंमत' म्हणणारा माणूस बिलाचा अर्धाच कागद वाचतोय.

राहता राहिला 'फरक मनाचा' हा मुद्दा. सिमन्सन आणि ट्वर्स्की यांच्या 1992 च्या प्रयोगात दोन कॅमेऱ्यांमध्ये लोकांची पसंती निम्मी-निम्मी होती. तिसरा, बराच महाग कॅमेरा शेजारी ठेवला आणि मधल्याला 57 टक्के मतं पडली. शोरूममधला सर्वांत महाग टीव्ही कित्येकदा याच कामासाठी उभा असतो, तो विकला जावा अशी कुणाची फारशी अपेक्षाही नसते. त्यातून शोरूममधले टीव्ही झगमगीत मोडवर लावलेले. डोळ्यांना जे आधी भरतं ते घरी रात्री बघवत नाही.

स्पीकरमध्येही मनाचे खेळ चालतात. खोक्यावर 'पीएमपीओ 1000 वॉट' (पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी सांगितलेली कमाल शक्ती) आणि अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहिला तर 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार 24 वॉट. सतत वाजताना त्याहून जास्त शक्ती येणार कुठून?

फ्रिजला मात्र मन लागू नाही, तो वर्षाचे 8,760 तास चालू असतो. साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो आणि बंद होतो; इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो आणि साधारणपणे कमी वीज खातो. समजा एक फ्रिज वर्षाला 300 युनिट घेतो आणि दुसरा 180. बारा वर्षांत 1,440 युनिटांचा फरक पडला. दोन्ही फ्रिजच्या किमतींतली तफावत आपल्या युनिटच्या दराने गुणलेल्या या आकड्यापेक्षा कमी असेल, तर त्यातला महाग फ्रिज स्वस्त पडतो.