डिपॉझिटवर पाणी सोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

भाड्याचे ऑफिस सोडताना डिपॉझिट पूर्ण परत मिळवणे अवघड नाही, फक्त कंटाळवाणे आहे. त्यासाठी तीन महिने आधी भाडेकरार बाहेर काढून वाचावा लागतो. हा मोह टाळा. करारात ‘जागा मूळ स्थितीत परत करावी’ असे एक वाक्य दबा धरून बसलेले असते. मूळ स्थिती म्हणजे तुम्ही आलात त्या दिवशीची, की उघड्या स्लॅबची, हे मागे जोडलेल्या परिशिष्टात लिहिलेले असते. वेळेत वाचले तर मालकाला विचारता येते, की बाबा, हे फॉल्स सीलिंग पाडू की ठेवू? पुष्कळदा तो ‘राहू द्या’ म्हणतो, आणि तेवढे लेखी घेतले की तोडफोडीचा खर्चच वाचतो. तुम्हाला खर्च वाचवायचा नाही, तेव्हा आधी पाडा, मग विचारा.

जागा घेताना काढलेले फोटोही शोधू नका. ते बहुधा नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी फोनमध्ये आहेत. दारापाशी फरशीला गेलेला तडा तुमच्या आधीचा आहे, हे आता त्या फरशीलाच ठाऊक.

कामाचा क्रम मात्र काटेकोर पाळा: आधी सफाई, मग रंग, मग पार्टिशन तोडणे आणि सगळ्यात शेवटी सीलिंगमधल्या वायरी. वरून खाली काम करत आले, म्हणजे छत, भिंती, फरशी आणि मग सफाई, तर प्रत्येक काम एकदाच करावे लागते. उलट्या क्रमात ताज्या रंगावर जिप्समची धूळ बसते आणि रंगारी पुन्हा बोलवावा लागतो. त्या गरिबालाही दोन पैसे मिळायला नकोत का?

पार्टिशनचे काम हातोड्याने करा. जिप्सम बोर्डाचा सांगाडा फरशीत स्क्रूने बसवलेल्या पत्र्याच्या चॅनलवर उभा असतो. स्क्रू एकेक करून काढले तर फरशीत बारीक भोके तेवढी उरतात, आणि ती फरशीच्या रंगाच्या इपॉक्सीने अर्ध्या दिवसात बुजतात. पहारीने चॅनल उचकटला तर स्क्रूबरोबर फरशीचा टवका निघतो. मग फरशी बदलणे आले. त्या छटेची फरशी आता बनत नाही, हे दुकानात गेल्यावर समजेल. पार्टिशनमध्ये स्विचबोर्ड होता ना? त्याच्या लोंबत्या वायरींना काळी टेप गुंडाळा आणि सीलिंगच्या वर ढकलून द्या. ब्रेकर बंद करून वायर थेट डीबीपर्यंत, म्हणजे ब्रेकर बसवलेल्या विजेच्या पेटीपर्यंत, मागे काढून घेणे हे भित्र्या लोकांचे काम. वर चालू वायर पडून आहे, हे पुढच्या भाडेकरूच्या इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढल्यावर कळेलच.

नेटवर्कच्या केबलीही ओढून काढायच्या नसतात, त्या सीलिंगलगत कात्रीने कापायच्या असतात. वर आधीच्या तीन भाडेकरूंच्या केबली आहेतच, त्यात तुमचीही भर. फक्त एक अडचण आहे. पाहणीला आलेला माणूस सीलिंगची एकच टाइल सरकवून बघतो, आणि ती नेमकी सर्व्हरच्या रॅकवरची असते.

आता भिंती. इथे घाई करू नका, डिपॉझिट मुरते ते इथेच. व्हाइटबोर्ड फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर दोन्ही हातांनी धरून एका झटक्यात खेचा. रंग, पुट्टी आणि थोडे प्लास्टर असे तीन थर एकदम हाती येतात. हेअर ड्रायरने टेप कोमट करून बोर्डामागून मासे पकडायची तंगूस करवतीसारखी फिरवली, तर बोर्ड अलगद सुटतो आणि उरलेला गोंद अंगठ्याने चोळून निघतो. त्यात मजा नाही.

खिळ्यांची भोके टूथपेस्टने भरा. भिंतीला दात नसले तरी हा उपाय लोकप्रिय आहे. पेस्ट वाळली की आक्रसते, तिला चीर पडते आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. प्लास्टिकची गिट्टी आतच राहू द्या आणि तिच्यावरून पुट्टी फासा. गिट्टीची कड भिंतीच्या किंचित वर असल्याने तिथे कायमचा फोड दिसेल. गिट्टी उपटून, भोकातली धूळ झटकून, पातळ थर देऊन, तो वाळल्यावर दुसरा द्यायचा असतो, कारण जाड थर सुकताना मधोमध खचतो. पण इतका वेळ कुणाला आहे? पॉलिश पेपर मारण्यापूर्वी स्मोक डिटेक्टरवर टोप्याही लावू नका. पुट्टीची धूळ आत गेली की अलार्म वाजतो, सगळी इमारत जिन्याने खाली उतरते आणि निरोप समारंभाला गर्दी चांगली होते. टोप्या लावल्याच असतील तर त्या काढायला विसरा, म्हणजे पुढच्या खऱ्या आगीत कुणाची झोपमोड होणार नाही.

यानंतर प्रायमर न लावता फक्त पुट्टीच्या ठिपक्यांवर ब्रश फिरवा. कोरडी पुट्टी रंगातले पाणी शोषून घेते आणि तिथे निस्तेज डाग उठतो. डब्यावरचा शेड नंबर तोच असला तरी भिंतीवरचा रंग उन्हाने आणि वर्षांनी उतरलेला असतो. शिवाय आधीचा रोलरने लावलेला, तुमचा ब्रशने. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारली तर हा फरक कुणाला कळत नाही. ठिपके दिले तर दुपारी चारला खिडकीतून तिरपा उजेड आला की एकूण किती खिळे होते ते दारातूनच मोजता येते. पाहणी चारलाच ठेवा.

काचेवरचे नाव आणि धुरकट फिल्म कोरड्या ब्लेडने खरवडा. ब्लेडखाली आलेला धुळीचा एक कण काचेवर आरपार ओरखडा काढायला पुरतो. फिल्म गरम करून सावकाश सोलणे आणि उरलेल्या गोंदावर साबणाचे पाणी मारून ओल्या काचेवर ब्लेड चालवणे, हे काचेवर प्रेम असणाऱ्यांनी करावे.

एसी तुमचा असेल तर तांब्याचे पाइप सरळ कापा. कूलिंग चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होऊ द्यायचा, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन थांबवायचे, ही मेकॅनिकची जेमतेम पाच मिनिटांची कामगिरी असते. पाइप कापल्याने गॅस उडून जातो, आत दमट हवा शिरते आणि नव्या जागेत कॉम्प्रेसर कण्हू लागतो. भिंतीतले भोक तसेच ठेवा, पावसाला वाट हवी. फ्रिजही ट्रक आल्यावरच बंद करा. आदल्या दिवशी बंद केला तर बर्फ तिथेच वितळतो आणि खुर्च्यांच्या गाद्या भिजायच्या राहून जातात.

मोठे कॉपियर मशीन भंगारात देताना त्यात हार्ड डिस्क आहे का, हे विचारू नका. बऱ्याच मशीनमध्ये असते, आणि स्कॅन केलेल्या पगारपत्रकांच्या, करारांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. यूपीएसच्या बॅटऱ्या जिन्याखाली सोडा. शिसे आणि आम्ल असल्याने सफाईवाले हात लावत नाहीत, तेव्हा त्या तुमची आठवण म्हणून बरीच वर्षे टिकतील.

ट्रक बोलवा, पण सामानाची लिफ्ट राखून ठेवू नका आणि सामान बाहेर नेण्याचा गेट पासही काढू नका. गेटवरचा सुरक्षारक्षक तो मागेलच, आणि त्यावर सही करणारा माणूस त्या दिवशी रजेवर असेल.

दोन आठवडे आधी मालकाबरोबर एकत्र फेरी मारून, काय काय दुरुस्त करायचे त्याची यादी करण्याच्या भानगडीत पडू नका. तशी यादी झाली तर कामे तुम्ही तुमच्या माणसाकडून, तुमच्या दराने करून घ्याल. न झाल्यास मालक त्याच्या माणसाकडून करवून घेतो आणि बिल डिपॉझिटमधून वळते करतो. शेवटच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो, किल्ल्यांची मोजदाद, ताबा दिल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या, हे सगळे संशयी माणसांचे चोचले. किल्ल्यांचा जुडगा खाली वॉचमनकडे द्या आणि हात हलवून निघा. ताबा नेमका कोणत्या तारखेला दिला हा प्रश्न खुला राहिला की पुढच्या महिन्याचे भाडेही मागता येते.

पत्ता बदलल्याचे मालकाला कळवायचे नाही, हे ओघाने आलेच. कपातीचा हिशेब आणि ‘हरकत असल्यास १५ दिवसांत कळवा’ असे पत्र तो जुन्याच पत्त्यावर पाठवेल. ते खालच्या टपालपेटीत पडेल. त्या पेटीची छोटी किल्ली जुडग्यात नव्हती, ती तुमच्या खिशात आहे.