काकू, तुमचं ‘पाच मिनिटं थांब’ नक्की किती मिनिटांचं असतं?

काकू, तुमची कमेंट काल रात्री वाचली, आधी जरा रागच आला, मग दोनदा परत वाचली, म्हणून उत्तर आज देतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की तीन-चार वर्षांच्या उतावळ्या पोरांना धीर धरायला खेळातून शिकवता येतं. काकूंचं म्हणणं, हे सगळं परदेशी फॅड आहे, त्या मार्शमेलोच्या प्रयोगातली हवा कधीच निघालीय, सकाळी सून ८.०५ ची लोकल पकडायला पळत असते तेव्हा खेळ कोण खेळणार, आणि त्यांच्या वेळी एका धपाट्यात पोरं सरळ व्हायची.

मार्शमेलोचं आधी, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे मार्शमेलोसारखा (मऊ, गोड) खाऊ ठेवला, आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. मी असं लिहून बसले की जे चौथ्या वर्षी थांबतं ते पुढे आयुष्यात चमकतं. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तो संबंध जवळजवळ उरलाच नाही. ते वाक्य मी काढून टाकलंय. पण मिशेलच्या प्रयोगात भविष्य सांगण्यापलीकडे एक कामाची गोष्ट होती, ती म्हणजे खाऊ झाकून ठेवला की पोरं जास्त वेळ थांबायची. म्हणजे पेढ्यांचा बॉक्स टेबलावर उघडा ठेवून ‘हात लावू नकोस हां’ म्हणणं ही आपलीच चूक, तो वरच्या फळीवर ठेवला तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

आणि मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच एका प्रयोगाबद्दल, जो मी मागच्या वेळी घेतलाच नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २८ मुलांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, मी अजून छान रंग आणते. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिले, उरलेल्यांना ‘सॉरी, नाहीयेत’. मग तोच मार्शमेलो पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३ मिनिटं. पोरं तशीच, वय तेच, फरक एवढाच की समोरच्या बाईच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा.

हे वाचताना मला आमची चिक्की आठवली. मुलीला घेऊन मी मुलुंडहून दादरला स्लो लोकलने जाते, बसल्या बसल्या हिचं सुरू, चिक्की दे, चिक्की दे. ‘थोड्या वेळाने’ म्हटलं की दर अर्ध्या मिनिटाला ‘झाला थोडा वेळ?’ शेवटी एकदा म्हटलं घाटकोपरला देणार. मग नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी असं ती स्वतःच मोजत बसली, दारातल्या बायकांना पण सांगत होती की माझी चिक्की घाटकोपरला येणारे. महिनाभर मस्त चाललं. मग एक दिवस मला ऑफिसचा फोन आला, घाटकोपर गेलं, विद्याविहार गेलं, कुर्ल्याला हिने भोकाड पसरलं आणि पुढच्या तीन खेपा गाडीत चढायच्या आधीच चिक्की हवी. आता ह्यात हट्टी कोण, ती की मी?

म्हणून शीर्षकातला प्रश्न. चार वर्षांच्या पोराला मिनिट कळत नाही, त्याला कुकरच्या तीन शिट्ट्या कळतात. आणि तिसरी शिट्टी झाली की हातातलं काम टाकून त्याच्याकडे जायचं, एवढी एकच अट, आणि ती आपल्याला जड जाते हो, मला तर जातेच.

धपाट्याचं म्हणाल तर पोर थांबतं हे खरंय. मी पण दिलेत, खोटं कशाला बोलू. पण ते तुमच्याकडे बघून थांबतं, तुमची पाठ वळली की हात परत डब्यात.

आता परदेशी फॅड. आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या शेतकरी कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलांबरोबर आणि जर्मन मुलांबरोबर हाच खाऊचा प्रयोग करून पाहिला, तर न्सो मुलांतली जवळजवळ ७० टक्के थांबली, जर्मनांतली ३० टक्केसुद्धा नाहीत. तिथल्या आया मोठ्यांचं ऐकायला अगदी लहानपणापासून शिकवतात, तेव्हा हा मुद्दा तुमच्या पारड्यात घाला. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं? गणपतीत उकडीच्या मोदकांचा वास घरभर सुटलेला असतो आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तुमचा नातू थांबत असेलच की. का थांबतो? कारण आजोबा पण थांबलेत, आणि आरती संपली की मिळणार हे नक्की असतं.

सकाळच्या ८.०५ चं उत्तर सोपं आहे, तेव्हा काहीच शिकवू नका. उचला, चप्पल हातात घ्या आणि लिफ्ट गाठा. आणि हो, मागच्या लेखात ‘घरात एक शांत कोपरा करा’ असंही लिहिलं होतं, वन आरकेमध्ये तो कोपरा म्हणजे फ्रिजमागे की काय असं तुम्ही विचारलंत, त्यावर मी खूप हसले. तो सल्लाही मागे घेते.

राहिलं घसरगुंडीचं, नातू गार्डनमध्ये लाइनीत पुढच्याला ढकलतो ते. ‘ढकलू नकोस’ म्हणून त्याला पुढे काय करायचं ते कळत नाही, हाताला काम द्या, दोन्ही हातांनी रेलिंग धरायचं आणि पुढचं मूल खाली पोचलं की त्यानेच ‘नेक्स्ट’ ओरडायचं. आणि संध्याकाळी भाजी निवडताना ‘चिमणी उड, कावळा उड’ खेळा, पाच मिनिटं पुरे. बोट उचलायचा मोह होतो आणि ऐन वेळी म्हैस आली की ते दाबून ठेवावं लागतं, सगळी गंमत तिथेच आहे आणि सगळा सराव पण तिथेच. हे तर तुम्ही माझ्या जन्माआधीपासून खेळत असाल.

नातू म्हैस उडवतो का ते कळवा. आमची अजून उडवते, वर म्हणते ‘ती छोटी म्हैस होती.’