'स्ट्रॅटला', म्हणजे स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारला, 'बसतं' म्हणे. काय बसतं? कुठं बसतं?

ज्या कोणी 'ड्रॉप-इन', म्हणजे जुनं काढा नि नवं तसंच बसवा, हा शब्द शोधून काढलाय ना, त्याला आमच्या डायनिंग टेबलापाशी आणून बसवा. चहा देते, वर खारी पण देते, आणि मग म्हणते घे बाबा, बसव आता, माझ्यासमोर बसव. गेले तीन आठवडे टेबलावर गिटार पालथी पडलीय, घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन टीव्हीसमोर जेवतायत आणि आई रोज एकदा विचारते, 'झालं का गं तुझं ते?' नाही झालं आई. नाही होणार बहुतेक.

झालं काय होतं, तर व्हॉल्यूमचा नॉब खरखरत होता. बस्स, एवढंच. नॉब फिरवला की अँपमधून खर्रर्र, आजोबा रेडिओवर स्टेशन शोधायचे तेव्हा यायची ना, डिट्टो तशी. गिटार काही भारीतली नाही, कॉलेजात असताना २०१३ ला नऊ हजाराला घेतलेली स्ट्रॅटची कॉपी, पण तिची मान माझ्या हाताला बसलीय आणि मला ती आवडते, विषय संपला. म्हटलं एक पॉट, नॉबखाली असतो तो आवाज कमी-जास्त करणारा भाग, बदलायचा, त्यात काय. आणि मग माणसाच्या डोक्यात जो किडा वळवळतो ना तो वळवळला, की पिकगार्ड (तारांखालचं प्लास्टिकचं झाकण) उघडतोयच तर तिन्ही पॉट बदलू, पॉट बदलतोय तर स्विच पण बदलू, तोही मधेच आवाज गिळतो, आणि सोल्डर करतोच आहोत तर ब्रिजला, तारा अडकतात त्या टोकाला, सिंगल कॉइलच्या मापातला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक) टाकू, आणि तारा काढल्याच आहेत तर ट्यूनर, तारा ताणायच्या खुंट्या, कशाला जुने ठेवायचे. साडेचौदा हजार. नऊ हजाराच्या कोंबडीला साडेचौदाचा मसाला. हसा, हसून घ्या.

आणि मी न विचारता घेतलं असं नाही हां. प्रत्येक वस्तूच्या पानावर लिहिलेलं होतं, स्ट्रॅटला बसतं. दुकानदाराला फोन करून विचारलं तर 'हो हो मॅडम, युनिव्हर्सल आहे.' युनिव्हर्सल! त्या युनिव्हर्समध्ये माझी गिटार नव्हती एवढंच.

पॉट आले. पितळी दांडा, जाडजूड, हातात घेतल्यावर बरं वाटावं असे. जुना काढला, नवा भोकात घालायला गेले तर जाईना. जरा दाबून बघितलं, फिरवून बघितलं, मग तो दुसऱ्या भोकात घालून बघितला, म्हणजे बघा माझी अवस्था. शेवटी बाबा उठले, त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून व्हर्निअर काढलं (पिंपरीला टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलीत, घरात ताप बघायला थर्मामीटर सापडत नाही पण व्हर्निअर लगेच सापडतं) आणि जुना मोजला, सात मिलिमीटर. नवा मोजला, साडेनऊ. चष्मा वर करून म्हणाले, 'अगं हे तीन सूत आहे.'

तीन सूत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे फिटर, सुतार, सळईवाले सगळे इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, ९.५२५ मिलिमीटर. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात फेंडर कंपनीने १९५४ ला ही स्ट्रॅट बाजारात आणली ती इंचात, पॉट इंचात, स्क्रू इंचात, सगळं इंचात. मग १९८२ पासून त्यांच्याच नावाच्या गिटारी जपानमध्ये बनायला लागल्या, पुढे कोरिया, इंडोनेशिया, चीन, आणि या स्वस्तातल्या गिटारींमध्ये पॉट, स्विच, ब्रिज जे काय लागतं ते तिकडच्या मापाने, मिलिमीटरमध्ये यायला लागलं. आकार तोच, नाव तेच, बाहेरून बघितलं तर जुळ्या बहिणी, आणि आत एकीचा स्क्रू दुसरीला लागत नाही. बरं हे विकणाऱ्याला माहीत नसतं का? असतं. एक ओळ लिहायला काय जातं, की बाबांनो भोक साडेनऊचं लागेल? आपल्या देशात मेट्रिकचा कायदा १९५६ ला झाला, आणि मी इकडे एवढ्या वर्षांनी एका खरखरणाऱ्या नॉबपायी सुतात मापं घेतीय.

म्हटलं ठीक आहे, भोक मोठं करू. बाबा म्हणाले रीमरने कर, हळूहळू. मी म्हटलं ड्रिल आहे ना घरात. पिकगार्ड प्लास्टिकचं, ड्रिलचं बिट कडेला अडकलं, पिकगार्डने गिरकी मारली आणि भोकापासून कडेपर्यंत तडा. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं त्या तड्यापेक्षा जास्त लागलं. उरलेली दोन भोकं त्यांनी हाताने रीमर फिरवून केली, मधेमधे पॉट घालून बघत, शेवेसारख्या बारीक वळ्या निघत होत्या प्लास्टिकच्या, आणि पॉट असा बसला की वा. फक्त तिसऱ्याला तडा माझा आहे, तो आता कायमचा.

मग नॉब. जुने नॉब नव्या पॉटवर बसत नाहीत, कारण दांड्यावरचे दाते. अमेरिकन पॉटला २४, तिकडच्या पॉटला १८. दात मोजायचे आता, गिटार आहे की गाय? पाच पोझिशनच्या स्विचच्या टोकावर जी प्लास्टिकची टोपी असते ना, तीही नव्या स्विचला लागली नाही, पट्टीची जाडी वेगळी. आणि स्विच स्वतः उघड्या सांगाड्याचा, उंच, माझ्या गिटारची खोबण उथळ, म्हणून पिकगार्ड वरून घट्ट करायला गेलं की खालून टेकतो आणि पिकगार्ड पोळीसारखं फुगतं. तो बाजूला ठेवला, जुनाच परत लावला, अठराशे रुपये ड्रॉवरमध्ये. ट्यूनर भोकात नीट गेले हो, देवाची कृपा, पण मागच्या स्क्रूची जागा वेगळी. जुनी भोकं उदबत्तीच्या काड्या आणि फेविकॉल घालून बुजवली. ही युक्ती मात्र एक नंबर आहे, काडी मोडायची, फेविकॉलात बुडवायची, ठोकायची, रात्रभर ठेवायचं. गिटारच्या डोक्याला दोन दिवस मोगऱ्याचा वास येत होता.

आता सोल्डरिंग. या विषयावर मला रडायला येतं. घरात २५ वॅटची सोल्डर गन होती, व्हिडिओत तो दाढीवाला म्हणतो 'पॉटच्या पाठीवर ग्राउंडची (अर्थिंगची) वायर लावून घ्या' आणि दोन सेकंदात चकचकीत गोळा. मी अर्धा मिनिट धरली, मिनिटभर धरली, सोल्डर वितळतं पण चिकटत नाही, घरंगळतं, कारण पॉटची पाठ म्हणजे केवढा मोठा पत्रा, सगळी उष्णता तोच पिऊन टाकतो. तुम्ही धरून बसता, धरून बसता, आणि आत जो काळा ट्रॅक असतो तो तोपर्यंत भाजून निघतो. लागते ६० वॅटची, जाड टोकाची, पाठ आधी पॉलिश पेपरने घासून, टक्कन लावायची आणि सोडायची. कमी वॅटने जास्त वेळ धरणं हेच घातक, आणि सगळ्यांना वाटतं कमी वॅट म्हणजे सेफ. हे मला पॉट मेल्यावर कळलं. साडेसातशेचा पॉट. तीन सुताचा.

६० वॅटची आणायला पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, गेले. 'कुणासाठी हवीय मॅडम?' माझ्यासाठी. 'मिस्टर काय करतात?' अहो गन द्या. सोबत टोनसाठी एक कपॅसिटर मागितला, ०.०२२ मायक्रोफॅरडचा, २२३ लिहिलेला हिरवा, दोन रुपये. याच दोन रुपयांच्या वस्तूवर गिटारवाले लोक आठ आठ दिवस भांडतात की अमुक केशरी कपॅसिटरने आवाजात ऊब येते, आणि त्याचे चारशे रुपये देतात. मला दोन रुपयांच्यात तीच ऊब आली, सांगून ठेवते.

बरं, मग नवा पिकअप, तो हंबकर. त्यातून निघतात चार वायरी आणि एक उघडी. रंग कुठल्या वायरीचा काय, हे जगात कुणी ठरवलेलंच नाही! एका मोठ्या कंपनीची काळी हॉट (आवाज नेणारी), हिरवी ग्राउंड, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. दुसऱ्या मोठ्या कंपनीची लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी आणि पांढरी जोडायची. म्हणजे एकीचा कागद बघून दुसरीचा पिकअप जोडलात तर गेलात. मी बरोबर कागद बघून जोडला तरी ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावला की आवाज असा, जणू गिटार नाकातून बोलतीय, सर्दी झाल्यासारखी, बास गायब. फेज उलटी, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज खोडतायत. जुना पिकअप एकाचा, नवा दुसऱ्याचा, कॉइल उलट्या दिशेच्या. उपाय सोपा आहे, हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल करायची, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच ठेवायची. सोपाच आहे, फक्त परत सगळं उघडायचं, आठ तारा सोडायच्या, अकरा स्क्रू, आणि त्यातला एक सोफ्याखाली. (तारा सहाच असतात, माहितीय, दोन तुटल्या मधे.)

आणि एवढं झाल्यावर अँप लावला तर हम्म्म्म. आपली ती विजेची ५० हर्ट्झची भुणभुण. नॉर्मली तारांना हात लावला की ती कमी होते, माझी वाढत होती. म्हणजे तारांना ग्राउंडच नाही. मागच्या झाकणाखाली स्प्रिंगांचा जो लोखंडी पंजा असतो त्याला सोल्डर केलेली वायर या सगळ्या उलथापालथीत तुटली होती. तो पंजा तापवायला ६० वॅटला पण घाम फुटला, पण लागली एकदाची. भुणभुण थांबली, मी खुर्चीवर बसले, आणि नॉब फिरवला तर मगाशी सांगितलं तो मेलेला पॉट. शून्यावर पण आवाज, दहावर पण तोच आवाज.

नवा मागवला तर बारा दिवस. शनिवारी वाजवायचं होतं, मित्राच्या बहिणीच्या संगीतला, जास्त काही नाही, चार गाणी. मग आठवलं, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागच्या बाजूला रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक काका आहेत. म्हटलं जुना खरखरणारा पॉट दाखवू, तात्पुरतं काही होतंय का. काकांनी पॉट हातात घेतला, कानाशी नेऊन फिरवला, बाटलीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा दांड्याच्या बाजूच्या फटीत मारला, वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मीटर लावलं. काटा असा गेला, लोण्यातून सुरी. 'ताई, हा खराब नव्हताच की. धूळ होती.' किती झाले? 'तीस द्या.'

तीस रुपये.

मी त्या काकांच्या स्टुलावर दोन मिनिटं तशीच बसले होते. त्यांनी पाणी विचारलं.

घरी आले, जुना पॉट पिकगार्डच्या भोकात घातला आणि तो सरळ खाली पडला. टप्प. कारण पॉट सात मिलिमीटर आणि भोक आता तीन सूत, माझ्याच घरात, माझ्याच बापाने रीमर फिरवून केलेलं. बाबा म्हणाले वॉशर टाक, वरून एक खालून एक. म्हणून रविवार पेठेत हार्डवेअरच्या गल्लीत गेले. पहिल्या दुकानात विचारलं, सात एमएमचा वॉशर आहे का. तो मुलगा डबे हलवत म्हणाला, 'सहा आहे, आठ आहे.' मी म्हटलं सात. त्याने मालकाकडे बघितलं. मालक पेपर बाजूला न करता म्हणाला, 'सात कोण वापरतं?'

चार दुकानं झालीत. उद्या आणखी दोन बघते.