मेलाटोनिन ही वजनाची गोळी नाही, आणि शुगरची तर नाहीच नाही

काल रात्री मावशीचा फोन, "अगं, माझी शुगरची गोळी बंद करून हे मेलाटोनिन सुरू करू का?" आणि मागोमाग तोच मेसेज जो सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. वजन वाढतं ते मेलाटोनिन कमी झाल्यामुळे, रात्री जेवण झाल्या झाल्या 10 मिलिग्रॅम घ्या, झोपेत चरबी जळते, शुगर आपोआप खाली येते, नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट शून्य. मावशीला 12 वर्षं डायबिटीस आहे. वाचून डोकंच फिरलं माझं.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते, तो "जेवण झाल्या झाल्या"वाला. मेलाटोनिन हे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून अंधार पडल्यावर सुटणारं हार्मोन, रात्र झाली हे शरीराला कळवणारं. हा निरोप स्वादुपिंडालाही पोचतो, तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिनचे रिसेप्टर (हा निरोप पकडणारे रेणू) असतात आणि त्यामुळे इन्सुलिन कमी सुटतं. रात्रभर पोट रिकामं असेल तर ठीक, पण नुकतंच जेवलेलं असताना हे झालं तर रक्तात आलेली साखर जाणार कुठे?

हे मी मनाने सांगत नाहीये. 2022 मध्ये 'डायबिटीस केअर' या जर्नलमध्ये स्पेनमधला अभ्यास आला, 845 जणांचा. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या संध्याकाळी ग्लुकोजचं पाणी दिलं, एकदा झोपायच्या 4 तास आधी आणि एकदा 1 तास आधी. उशिरा घेतलं तेव्हा रक्तातलं मेलाटोनिन साडेतीन पट होतं, इन्सुलिन 6.7 टक्के कमी आणि साखर 8.3 टक्के जास्त. ज्यांच्यात मेलाटोनिन रिसेप्टरच्या जीनचा एक ठराविक प्रकार असतो त्यांच्यात बिघाड जास्त, आणि त्याच प्रकाराचा टाइप 2 डायबिटीसशी संबंध 2009 पासून माहीत आहे. हे झालं शरीरातल्या स्वतःच्या मेलाटोनिनचं. गोळीचं बघायचं तर 2014 मध्ये 21 निरोगी बायकांना 5 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा साखर पेलायची क्षमता घटली. निरोगी बायकांचं हे, आणि मेसेज डायबिटीसवाल्यांना दुप्पट डोस जेवणावर घ्यायला सांगतोय, वर चालू औषध बंद करा म्हणे!

झोपेत चरबी जळते? उंदरांमध्ये ब्राऊन फॅट, म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता बनवणारी चरबी, वाढताना दिसलंय, खरंय, पण उंदीर रात्री जागतात आणि खातात, आपण झोपतो, त्यांचं सगळं वेळापत्रकच उलटं. माणसांमध्ये डेन्मार्कमध्ये मेनोपॉज झालेल्या 81 बायकांवर वर्षभर चाचणी झाली, मेलाटोनिनवाल्यांची चरबी प्लासिबोवाल्यांपेक्षा (औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा) साधारण 7 टक्के कमी झाली, हे मान्य करावंच लागेल. पण वजन? त्यात काहीच फरक नाही. आणि डोस होता 1 किंवा 3 मिलिग्रॅम, झोपताना.

मेलाटोनिन कमी म्हणून वजन वाढतं, यात अर्धं सत्य आहे. रात्री कमी मेलाटोनिन बनणाऱ्या बायकांना पुढे डायबिटीस जास्त झाला असं 2013 च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, पण संबंध दिसणं वेगळं आणि गोळीने तो आजार टळणं वेगळं. रात्री उशिरापर्यंत लख्ख उजेडात बसलं तरी मेलाटोनिन दबतं, मग उजेड कमी करा ना, त्याला गोळी कशाला.

नैसर्गिक वगैरे, इन्सुलिनपण नैसर्गिकच आहे, म्हणून कोणी कितीही टोचून घेतं का? डोकेदुखी, गरगरणं, सकाळी सुस्ती हे होतं, रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर तर जपूनच. 2023 मध्ये अमेरिकेत 25 मेलाटोनिन गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) तपासल्या तर 22 मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा, एकीत मेलाटोनिनच नव्हतं.

मावशीची गोळी चालू आहे. मागवलेली बाटली तिने उघडलेली नाही, सोमवारी डॉक्टरांकडे सोबत नेणार आहे. तुमच्या घरात कोणी हा मेसेज वाचून औषध थांबवलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, आणि रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी उरकता येतंय का बघा.