शनिवारचा बेत आणि काकूंचा कुंदा

आमच्याकडे सुट्टीचा बेत म्हणजे शनिवारी उशिरा उठून "आज काय करायचं?" असं एकमेकांना विचारत दुपार करणं. या आठवड्यात मात्र सोमवारीच गहू भिजत पडले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

पनवेलच्या मावशी येणार आहेत. सासूबाईंची लहानपणची मैत्रीण, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मराठी इतकं खणखणीत की आम्ही बेळगावकर त्यांच्यापुढे वाक्यावाक्याला "की" लावायचं विसरतो. फोनवर मी फुशारकीने म्हटलं, "मावशी, यंदा स्वयंपाक तुमच्या पद्धतीचा. चिकाच्या हलव्यासकट!" त्या म्हणाल्या, "अगं, चायना ग्रासचा कर, सोपा पडतो." सोपा पडतो म्हटल्यावर माघार कोण घेणार?

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळायचे. चीक रात्रभर खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खाली उरेल त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून ढवळत राहायचं. कृती एवढीच. पण ऑगस्टच्या पावसात भिजलेल्या गव्हाचा जो वास सुटतो, त्याबद्दल कृतीत अवाक्षर नाही. आमचे हे रोज कामावरून आले की चपला न काढता आधी मोरी तुंबलीय का बघून येतात.

नारळाचं दूध अशासाठी, की मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप काही चालत नाही. मटण मावशी स्वतःच आणणार आहेत, बर्फाच्या डब्यातून, रात्रीच्या बसने. त्यांच्या विधीप्रमाणे कापलेलं आमच्या गावात कुठून मिळणार? माझ्याकडे फक्त नवं पातेलं आणि नवी पळी आणायचं काम. मासे हवेत तर खवले आणि पर असलेलेच. कोळंबी, खेकडे बाद. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून 7 पुरुष आणि 7 बायका किनाऱ्याला लागल्या, तिथून ही मंडळी पसरली असं सांगतात. धर्मग्रंथ समुद्रात गेले, पण शनिवार आणि ताटातले नियम तरले. तेलाचे घाणे चालवायचे, ते शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते सगळं ठीक. पण पिढ्यान् पिढ्या कोकण किनाऱ्यावर राहून कोळंबीकडे पाठ फिरवायची, याला छाती लागते. मला इथून जवळच्या खानापूरला पोचेपर्यंतही जमणार नाही.

खरी धावपळ शुक्रवारची. सूर्यास्ताच्या आत सगळा स्वयंपाक उरकायचा, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, 39 प्रकारची कामं बंद, त्यात विस्तव पेटवणंही आलं. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. ऑगस्टातल्या बेळगावात सूर्य बुडाला हे कळायला आधी तो उगवल्याचं कळावं लागतं. ताऱ्यांच्या भरवशावर राहिलं तर मावशींना दसऱ्यापर्यंत ठेवून घ्यावं लागेल. त्यांच्या कॅलेंडरात वेळ छापलेली असते म्हणून निभावतं. काळ्या मनुका मात्र भिजत टाकल्यात. त्यांचं शरबत शुक्रवारी रात्री प्रार्थनेला लागतं, आणि या एका पदार्थात घोटणं, ढवळणं, वास, काही नाही. मावशी त्या दिवशी दिव्याचं बटण दाबत नाहीत आणि आमचे हे जाता-येता घरभर दिवे मालवत फिरतात, म्हणून पाहुण्यांच्या खोलीतल्या बटणावर आत्ताच चिकटपट्टी मारून ठेवलीय.

इतकं सगळं जुळत आणलं आणि आज संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "काय करूलीस गं? वास कसला हा?" मी सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी जेवणावर मी कुंदा आणते. पाहुणा बेळगावात येऊन कुंद्याशिवाय जाईल होय?"

कुंदा! दूध आटवून आटवून केलेला! मी म्हटलं, "काकू, मटणानंतर दुधाचं चालत नाही. काही जण तर सहा सहा तास थांबतात."

"तूप लावून दिला तर?"

"तूपही दुधाचंच ना, काकू."

काकू विचारात पडल्या. या बाईंनी गल्लीतली तीन लग्नं जुळवलीत, हार मानणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "मटणानंतर चालत नाही. मटणाआधी?"

मी मावशींना फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग म्हणाल्या, "आधी चालतो गं. चूळ भरायची, थोडं थांबायचं. भांडी तेवढी वेगळी हवीत."

निरोप सांगितला तशा काकू उठल्याच. "भांड्यांचं काय, द्रोण आणते की! आणि आधीच खायचा म्हणजे भुकेल्या पोटी खाणार. अर्धा किलो कसा पुरेल? एक किलो सांगून येते."