काजू मऊ पडला तरी चालेल, ॲप हवंच

डिचोलीकडे तुमचा काजूचा कारखाना आहे आणि अजून त्याचं ॲप नाही? मग पात्रांव, म्हणजे मालक, तुम्ही स्पर्धेत नाहीच. उद्याच्या उद्या पणजीत एखाद्या तारांकित हॉटेलातलं चर्चासत्र गाठा. तिथे टाय लावलेला सल्लागार कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीची गोष्ट सांगेल. ती ऐकल्याशिवाय नवतंत्रज्ञानात कुणाची मुंज लागत नाही. 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो साठवायला त्याला 23 सेकंद लागायचे. साहेबलोकांना तो काही रुचला नाही, आणि 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे तुम्ही मान डोलवायची. आपल्या पदरचा माणूस काय सांगतो ते ऐकावं, असा अर्थ मात्र चुकूनही काढू नका. तो काढलात तर सल्लागाराची फी कशाला द्यायची?

घरी आल्यावर पहिलं काम, अंगठ्याचं हजेरी यंत्र. बी फोडणाऱ्या बायकांना रांगेत उभं करा. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बायका हाताला राख लावतात, तेल लावतात, तरी वर्षानुवर्षं फोडून बोटांवरच्या रेषा झिजतात. 25 वर्षं कामावर येणारी मावशी काचेवर अंगठा टेकते. तांबडा दिवा. अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकते. तांबडा दिवा. तुम्ही बिनदिक्कत तिची गैरहजेरी मांडा. (त्या रेषा तुमच्याच बियांनी खाल्ल्या, पण सल्लागाराच्या अहवालात तसा रकाना नसतो.)

हीच मावशी दुपारी डबा खाताना म्हणेल, "पात्रांव, ओलावा मोजायचं ते लहान यंत्र आणा बघू. माझ्या हाताला कळतं गर सुकला की नाही, पाकिटं भरणाऱ्या पोरांना कळत नाही. पावसात सगळा माल मऊ पडतो."

हसून सोडून द्या. गरातला ओलावा 5 टक्क्यांच्या आत हवा, डब्यात नायट्रोजन भरला तर गर लवकर खवट होत नाही, कॅमेऱ्याने रंग ओळखून डागी गर हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारी यंत्रं मिळतात, हे सगळं खरं आहे. पण ही यंत्रं आत, धुळीत आणि टरफलांत काम करतात. मंत्र्यांना त्यांची फीत कापायला न्यायचं कसं?

व्हिएतनामवाल्यांनी नेमकी हीच चूक केली. बी फोडायची यंत्रं त्यांनी स्वतः घडवली, कच्ची बी आफ्रिकेतून आणली आणि 2006 च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं. ब्लॉकचेनचा, म्हणजे संगणकांवरच्या त्या सामाईक नोंदवहीचा, तेव्हा जन्मही झाला नव्हता. बिचारे दुसरं करणार तरी काय?

तुम्हाला तशी अडचण नाही. पाकिटावर क्यूआर कोड छापा. गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली बाग दिसली पाहिजे, लालबुंद बोंडू, मागे पक्ष्यांचा आवाज. बी आफ्रिकेहून बोटीने आली असली तरी बाग सत्तरीचीच ठेवा. ब्लॉकचेनवरची नोंद मागाहून बदलता येत नाही म्हणतात, तेव्हा पहिल्यांदाच नीट खोटी करा.

राहिला चॅटबॉट, गिऱ्हाइकाला आपोआप उत्तरं लिहिणारा. दुकानात फोन उचलणारा पोरगा गिऱ्हाइकाला आवाजावरून ओळखतो, "काकी, गेल्या खेपेसारखे मोठेच देऊ ना, दोनशेचाळीस नंबर?" असं विचारतो, आणि हे फारच जुनाट दिसतं. त्याला पाकिटं भरायला बसवा. तिथे माणूस कमीच असेल, कारण मावशी आता रोज गैरहजर.

मग चवथीच्या तोंडावर, बाहेर पाऊस ओतत असताना, म्हापशाहून कुणीतरी लिहील, "दोन किलो काजू नेले होते. सगळे मऊ आहेत." चॅटबॉट क्षणाचाही वेळ लावणार नाही:

"नमस्कार! आपल्याला मऊ काजू आवडले, हे वाचून आनंद झाला. आणखी मागवण्यासाठी 1 दाबा."